मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजसाठी होस्टेलवर जाणार, तिचं तिला करू द्यायला कुठून सुरुवात करू? मदत हवी आहे

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज बसलेच लिहायला. मुलगी १७ वर्षांची आहे, शाळेचं शेवटचं वर्ष. अभ्यासाचं मला काही बघावं लागत नाही, तिची ती बसते. काळजी बाकीच्याची आहे.

मागच्या आठवड्यात तिचा कान दुखत होता म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला विचारलं, कधीपासून दुखतंय? तर तिने माझ्याकडे बघितलं, आणि मीही लगेच सांगून टाकलं, परवा रात्रीपासून. मग विचारलं कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, परत माझ्याकडे. लहानपणी एका अँटिबायोटिकने तिच्या अंगभर पुरळ उठलं होतं, त्या औषधाचं नावच तिला माहीत नव्हतं. कान तिचा, दुखतंय तिला आणि उत्तरं मी देतेय. घरी येईपर्यंत डोक्यात तेच, की वर्षभराने ही तिथे एकटी बसेल तेव्हा कोणाकडे बघेल?

त्यानंतर एकेक गोष्ट दिसायलाच लागली. सकाळी मी तीन हाका मारते तेव्हा उठते. अ‍ॅडमिशनचे फॉर्म माझ्या लॅपटॉपवर, पासवर्ड माझ्या वहीत, ओटीपी माझ्या फोनवर, शेवटच्या तारखा माझ्या डोक्यात. परवा एका फॉर्मवर सही करायची होती तर पेन हातात धरून म्हणाली, आई मी सही कशी करू गं? तिची सही ठरलेलीच नाही! मग रद्दी कागदावर पाच-सहा वेळा नाव लिहून बघत होती, कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर, आणि मी शेजारी उभी, मला एकदम भरूनच आलं.

एकदा प्रयत्न केला होता. रविवारी जाहीर केलं की उद्यापासून तुझं तू उठायचं. दोन दिवस उशीर झाला, तिसऱ्या दिवशी टेस्ट होती आणि मला राहवलं नाही, गेले उठवायला. म्हणजे तिला एवढंच कळलं की आई नुसतं बोलते. नवरा म्हणतो, गेली की शिकेल आपोआप. शिकेलही, पण नवी जागा, नवी माणसं, अवघड अभ्यास आणि त्याच महिन्यात कपडे धुणं, पैसे पुरवून वापरणं, ताप आला तर काय करायचं, हे सगळं एकदम तिच्या अंगावर का पडावं?

तर ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा, आधी कुठली कामं सोपवली, आणि चूक होऊ द्यायची म्हणतात ती कुठपर्यंत? उशीर होऊ देईन मी, पण फॉर्मची तारीख चुकताना गप्प बसायचं का? आणि सोपवलं म्हणजे मी तिला टाकलं असं तिला वाटू नये, याचीच जास्त घालमेल होते.

प्रतिसाद १
ताई, माझा मुलगा आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडे डिट्टो हेच होतं. मला उशिरा कळलं ते सांगते. काम सोपवताना ते लक्षात ठेवायची जबाबदारीही द्यायची. मी काय करायचे, मशीन तो लावायचा पण "आज कपडे लाव" हे मी सांगायचे, म्हणजे अर्धं काम माझ्याकडेच. ते बंद केल्यावर एकदा घालायला धुतलेलं काही नव्हतं, ओलाच शर्ट घालून गेला, पुढच्या आठवड्यात आदल्या रात्रीच मशीन चालू. आधी तुम्ही करा ती बघेल, मग ती करेल तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा, मग ती एकटी करेल आणि झाल्यावर सांगेल. एका वेळी एकच काम.
चुकीचं म्हणाल तर जी निस्तरता येते ती होऊ द्यायची. अ‍ॅडमिशनची तारीख त्यात बसत नाही, तिथे खुशाल लक्ष ठेवा, पण तिला सांगून, की अमुक दिवशी मी एकदा विचारेन. चोरून चेक करू नका, मुलांना कळतं. पैशाचं, महिन्याची रक्कम एकदम द्यायची आणि मधे संपली तरी भर घालायची नाही. पहिल्या महिन्यात आमची १२ तारखेलाच संपली होती, बघवत नव्हतं, पण थांबले.

प्रतिसाद २
मी शिक्षिका आहे, वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त उठण्यावरून फार रागावू नका. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा सुटायला लागतं त्यामुळे लवकर झोपच येत नाही, आणि गरज तर ८ ते १० तासांची असते. मेंदूतला नियोजनाचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून दोन अलार्म, भिंतीवर मोठं कॅलेंडर असे आधार तिचे तिला लावू द्या, त्यात कमीपणा काही नाही.
औषधांचं मात्र आत्ताच शिकवा. अ‍ॅलर्जीचं नाव, रक्तगट तिच्या फोनमध्ये हवा. आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, वर तापाची वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट होतो आणि जास्त झालं तर लिव्हरला इजा होते. पाकिटावरची घटकांची ओळ वाचायला लावा.

मूळ धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार, रात्री तिच्यासोबत बसून वाचलं. तिने दोनच कामं निवडली, उठणं आणि डॉक्टरांचं. कानाच्या फेरतपासणीची वेळ बदलायची होती, आज फोन तिने केला. आधी कागदावर काय बोलायचं ते लिहिलं, दार लावून घेतलं, मी बाहेर. दोन मिनिटांत आली, वेळ मिळाली म्हणाली, पण जुने कागद आणायचे का ते विचारायचं राहिलं. माझा हात फोनकडे जात होता तेवढ्यात तीच म्हणाली, थांब, मीच परत करते. आणि केला.
पैशाचं पुढच्या महिन्यापासून. महिन्याची रक्कम कशी ठरवली, तिलाच आधी हिशोब मांडायला लावला की तुम्ही ठरवली, ते कोणी सांगाल का?