रोड की ट्रॅक? मुलीला सायकलिंगमध्येच करिअर करायचं आहे

मुलुंडची_आई
नमस्कार मंडळी. लेक दहावीत आहे. पहाटे पाचला उठून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने ठाण्यापर्यंत सायकल मारते, मागे तिचे बाबा स्कूटरवर. पॅरिस ऑलिंपिकमधली महिलांची रोड रेस तिला तोंडपाठ झाली आहे. आता म्हणते, रोड (रस्त्यावरच्या शर्यती) आणि ट्रॅक (खास बांधलेल्या गोल ट्रॅकवरच्या शर्यती) दोन्ही करणार. ग्रुपमधले एक काका म्हणाले, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस, एक काय ते धर. मुंबईत तर ट्रॅकच नाही. आणि मुलीला यात पोटापाण्यापुरतं मिळतं का? जाणकारांनी सांगावं.

ठाणेकर_घाटवेडा
माझं मत रोडच्या बाजूने. येऊरचा चढ तुमच्या हाकेवर आहे, रविवारी घोडबंदर रोड आहे. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, ती परंपरा आपलीच. सी लिंकवर सायकलला बंदी आहे, तिकडे जाऊ देऊ नका. ट्रॅकसाठी दर वेळी पुणं गाठायचं म्हणजे शाळा बुडणार.

पॉइंट्सरेसवाली
ताई, काकांनी काळजीपोटीच सांगितलं असेल, पण मला ते पटत नाही. मी दोन्हीकडे राज्यातर्फे उतरले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नेदरलँड्सची सायकलपटू मारियान व्हॉस हिचं करिअर लेकीबरोबर बसून वाचा. २००६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ती रोडची जगज्जेती झाली. नंतर २००७ ते २०११, सलग पाच वर्षं, त्याच शर्यतीत दुसरी. पाच वर्षं! एखादी खचली असती. ही त्याच काळात, २००८ ला, बीजिंगमध्ये ट्रॅकवर उतरली आणि पॉइंट्स रेसचं सुवर्ण घेऊन आली. २०१२ ला लंडनच्या पावसात रोडचं सुवर्ण घेतलं आणि त्याच वर्षी पुन्हा जगज्जेतीही झाली. पॅरिसला सदतिसाव्या वर्षी रौप्य मिळवलं, ते तुमच्या लेकीने पाहिलंच आहे. त्या शर्यतीत सुवर्ण जिंकणारी क्रिस्टन फॉकनर कॉलेजात रोइंग करायची, मग नोकरीला लागली, आणि सायकलकडे वळली ती २०१७ च्या सुमारास. रोड रेसनंतर तीनच दिवसांनी तिने ट्रॅकवर टीम परसूटचं (चौघींच्या संघाची वेळेची शर्यत) सुवर्णही घेतलं.

हे जमतं कारण दोन्हीकडची कामं एकमेकींना पूरक आहेत. ऑम्नियम, म्हणजे ट्रॅकवरच्या अनेक शर्यतींचे गुण एकत्र धरणारी स्पर्धा; तिच्यातल्या पॉइंट्स रेसचंच घ्या. २५० मीटरच्या ट्रॅकवर ८० फेऱ्या, म्हणजे २० किलोमीटर. दर दहा फेऱ्यांनी स्प्रिंट, पहिल्या चौघींना ५, ३, २, १ गुण, शेवटच्या स्प्रिंटला दुप्पट. सगळ्या घोळक्यावर एक फेरी चढवली तर एकदम २० गुण. सायकलला ब्रेक नाहीत, फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरतातच. छाती फुटायची वेळ आलेली असताना डोक्यात हिशेब चालू ठेवावा लागतो: कोण पुढे, कोणाला जाऊ द्यायचं, कोणाच्या मागे चिकटायचं. शंभर किलोमीटरनंतर रोड रेसच्या शेवटच्या वळणावर हीच अक्कल लागते. उलट, रोडवरच्या लांब राईड्सशिवाय शेवटच्या वीस फेऱ्यांना पायात दम उरत नाही.

एक अपवाद सांगते. लेक निव्वळ स्प्रिंटर निघाली, दोनशे मीटरचा स्फोट हीच तिची ताकद असेल, तर काकांचं ऐका. स्प्रिंट आणि केरिन (मोटरसायकलमागे वेग घेऊन शेवटी स्प्रिंट मारायची शर्यत) यांसाठी शरीर वेगळं घडवावं लागतं, जिमला जास्त वेळ जातो. अंदमान-निकोबारची डेबोरा हेरॉल्ड त्या वाटेने गेली. आपली मयूरी लुटेही ट्रॅकचीच. पण हे दहावीत ठरवू नका.

ट्रॅकचं म्हणाल तर पुण्यात बालेवाडीला व्हेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, आहे. लाकडी, इनडोअर ट्रॅक दिल्लीत आहे, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला. मुंबईएवढ्या शहरात एकही नसावा याची मला मनापासून खंत आहे. तरी शाळा बुडवायची गरज नाही. सुट्टीत बालेवाडीचा कॅम्प करा, एरवी घरी रोलर्सवर (सायकल जागच्या जागी चालवायचे फिरते दंडगोल) सराव. रोलर्सवर तोल सांभाळता आला की ट्रॅकची निम्मी भीती तिथेच जाते.

पैशाचं खरं सांगते. युरोपातल्या पहिल्या श्रेणीच्या महिला संघांना किमान पगाराचा नियम २०२० मध्ये लागला, तेव्हा वर्षाला १५,००० युरो. २०२३ पर्यंत तो ३२ हजारांच्या पुढे गेला. त्याआधी चांगल्या चांगल्या मुली दुसरी नोकरी सांभाळून शर्यती करत होत्या. तिथवर पोचणं फार अवघड आहे. इकडे बहुतेकींना आधार मिळतो तो रेल्वे, पोलीस अशा खेळाडू कोट्यातल्या नोकरीचा. माझंही घर त्यावरच चालतं आणि मला त्याचा अभिमान आहे. राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून फाइलला लावून ठेवा.

मुलुंडची_आई
खूप आभार ताई. एक विचारू का? सराव वाढल्यापासून तिची पाळी दोनदा चुकली आहे. काका म्हणाले, वजन कमी होतंय ते घाटासाठी चांगलंच.

पॉइंट्सरेसवाली
नाही, ते अजिबात चांगलं नाही. सराव वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं की शरीर पहिली काटकसर तिथे करतं. पुढे हाडं कमजोर होतात, एका पडण्यात फ्रॅक्चर. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. पहाटे रिकाम्या पोटी सोडू नका, दोन केळी किंवा गूळ-पोळी देत जा, आणि आल्यावर अर्ध्या तासात पोटभर नाश्ता. पाळी नियमित होईपर्यंत घाट बंद, सपाटीवर हलकी राईड चालेल, तीही डॉक्टर हो म्हणाले तरच. रिपोर्ट आले की इथे लिहा, मी बघते.