श्रावणमासीनं बालकवींचं नुकसानच केलं का?

पडवीतला: श्रावण लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर पहिल्याच सकाळी "श्रावणमासी हर्ष मानसी" येऊन पडते, मागे धबधब्याचा फोटो. यंदा तर "सरसर शिरवे"चं "सरसर हिरवे" झालंय आणि त्यालाच अठरा बदाम. माझं म्हणणं एवढंच की या कवितेनं आणि "आनंदी आनंद गडे"नं बालकवी म्हणजे फुलं, ऊन, इंद्रधनुष्य हे असं काही पक्कं करून टाकलं की "पारवा" लिहिणारा माणूस तोच हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. "भिंत खचली कलथून खांब गेला, जुनी पडकी उद्ध्वस्त धर्मशाळा". यात हर्ष शोधून दाखवा.

मास्तरीणबाई: नुकसान कसलं हो? बावीस वर्षं शिकवतेय, वर्गात मागच्या बाकावरची पोरंसुद्धा "क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनि ऊन पडे" म्हणताना आपोआप डोलतात, कारण सर आली नि गेली हे त्या ओळीच्या चालीतच आहे. "पारवा" पाचवीला लावून बघा, मग बोलू.

पडवीतला: बाई, पाचवीला नकोच. पण चाळिशीला तरी?

केळीवाला_जळगाव: आमच्याकडचा माणूस, धरणगावचा, म्हणून बोलतो. खानदेशात वैशाखात काय फुफाटा असतो ते पुण्यात बसून कळणार नाही. हिरवळ दाटे चोहिकडे हे आमच्यासाठी कॅलेंडरचं चित्र नाय, जीवात जीव येणं आहे. नुकसान झालंच असेल तर त्या पदवीनं. १९०७ ला जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांना बालकवी म्हटलं आणि मग मोठं व्हायची परवानगीच नाही.

निशाचर: पदवीचा मुद्दा भारी. बाकी तुम्ही दोघं उगाच भांडताय, खरी कविता "औदुंबर". आठ ओळी. हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट, आणि ती पायवाट कुठं जाते तर काळ्या डोहाकडे! सगळा हिरवा निसर्ग वापरून माणूस तुम्हाला काळोखाशी नेऊन सोडतो, आणि तिथं कोण, तर पाय टाकून निवांत बसलेला औदुंबर. तो "गोड काळिमा" वाचून अजून काटा येतो. पुढे १९१८ ला भादलीला रेल्वेखाली गेले, अठ्ठाविशीही पुरी नव्हती, तेव्हा हा डोह...

मास्तरीणबाई: थांबा थांबा. मरण कवितेत घुसडू नका. कवी लवकर गेला की त्याच्या प्रत्येक डबक्यात लोकांना मृत्यू दिसायला लागतो. मला तर तो औदुंबर उन्हातून येऊन पाय गार करत बसलेला म्हाताराच वाटतो.

निशाचर: म्हातारा चालेल, पण डोह काळाच आहे बाई. तो मी नाही रंगवला.

केळीवाला_जळगाव: आणि "कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला" हे पण त्यांचंच, ते कुणी टाकत नाय ग्रुपवर.

पडवीतला: मी टाकली आत्ता, "पारवा", पूर्ण. दोन तासांत एकच उत्तर, काकूंचं: "छान आहे रे, पण श्रावणी सोमवारी असलं पडकं-बिडकं कशाला?"