जगणं नको वाटलं, तेव्हा तुम्हाला कशाने धरून ठेवलं? अनुभव लिहा

कपाशीचं_फूल
शेजारचा मुलगा निकाल लागल्यापासून तीन दिवस ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसलाय. नीटचे मार्क कमी आले. आज त्याची वाकलेली पाठ पाहिली आणि माझा २००८ चा उन्हाळा आठवला.

बारावी झाली होती, नर्सिंगला जायचं होतं, पैसे नव्हते. त्या वर्षी कर्जमाफी आली, पण पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच, म्हणजे पाच एकर. आमची सात एकर, सगळी कोरडवाहू. आम्हाला सूट होती, पण उरलेले आधी भरले तरच. बाबा बँकेतून आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी नसते तर घरातलं खाणारं एक तोंड कमी झालं असतं, असं मला रोज वाटायचं. भांडी घासताना, पाणी भरताना. कोणाला सांगितलं नाही.

आजीला कळलंच. तिने काही विचारलं नाही, रात्री माझ्या खाटेला खाट लावली. पहाटे हलवायची, "ऊठ वं माय, बोरीले पानी कोन पाजन?" बोरी आमची गाय, गाभण होती. बादली पुढे केली की आधी माझा हात चाटायची, ती खरखरीत जीभ अजून आठवते, मग पाणी. त्या बादलीसाठी मी उठत गेले. बरं वाटायला दिवाळी उजाडली.

आर्वीकर
ताई, गळा भरून आला. बोरी गवळाऊ जातीची का? आमच्याकडे तीच. पांढरी, चालायला चपळ.

कपाशीचं_फूल
हो दादा, गवळाऊच. तिची नात आहे दावणीला.

पुसद_ते_पुणे
चार वर्षं एमपीएससी. दोनदा मुख्यपर्यंत गेलो, २७ व्या वर्षी गावात परत. पानठेल्यावर "सध्या काय चालू हाय?" हे ऐकायला नको म्हणून मागच्या गल्लीने जायचो, मग घराबाहेर पडणंच सोडलं. अंघोळ नाही, दाढी नाही. सगळे म्हणत आळस भरला. आळस नव्हता हो तो, उठायची ताकदच नव्हती.

चुलत बहिणीने जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार ओपीडीत नेलं. बाबा डबा घेऊन सोबत. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ. बाबांनी एक शब्द न विचारता केलं. गोळ्यांनी पहिले दोन आठवडे नुसतं तोंड कोरडं पडायचं, मी बंद करणार होतो, बहीण रागावली. महिनाभराने एक दिवस वरण-भाताला चव लागली. ताटावरच रडू आलं. आई घाबरली, म्हणे तिखट पडलं का रे?

आर्वीकर
"तिखट पडलं का रे". माय ती मायच.

तुरीची_शेंग
लाईन जाणार आहे, पटकन लिहिते. मला अकरा ठिकाणांहून नकार आला, रंगावरून. शेवटचे तर पोहे खाऊन अंगणातच म्हणाले, फोटोत उजळ वाटली होती. मामीने साय-हळद सुरू केली. मला आरसा बघवेना, कॉलेजला जाणं बंद केलं. आठेक दिवसांनी कंडक्टर बाईंनी फाट्यावर भावाला विचारलं, "तिसऱ्या बाकावरची पोरगी काहून येत नाही? बिमार हाय का?" मी दिसत नाही हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं! सोमवारी गेले. बाईंनी तिकिटाची पेटी उचलून जागा दिली.

बाकी नंत

आशाताई_५५
गेली वाटतं लाईन. मी गावात आशाचं काम करते, म्हणून कळकळीने सांगते. पोरगं गप्प झालं की लोक आधी भगताकडे नेतात, त्यात महिने जातात. टेलिमानस ही मन खचलेल्यांसाठी सरकारी फोनसेवा आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. आणि पोलीस केस होईल या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जिवाचं बरंवाईट करू पाहणाऱ्याला आरोपी नाही, तणावाखालचा माणूस मानायचं ठरवलंय.

नवीन_आयडी
सगळं वाचतोय. माझं तेच चालू आहे. काय लिहू कळत नाही.

आशाताई_५५
काही नको लिहू बाळा. घरात कोण आहे आत्ता? जीव द्यावासा वाटतोय का? सरळ विचारते, रागावणार नाही.

नवीन_आयडी
कधी कधी. आज जास्त. भाऊ आहे, झोपलाय.

आशाताई_५५
उठव त्याला. एकटा बसू नको. दोघं मिळून १४४१६ लाव, मी इथेच आहे.

पुसद_ते_पुणे
भावा, मीही जागा आहे.

कपाशीचं_फूल
मी शेजारच्या पोराला हाक मारून आले, बादली त्याच्या हातात दिली आहे. तुझी वाट बघतेय रे.

नवीन_आयडी
उठवलं. तो फोन लावतोय. चुलीवर चहा ठेवलाय त्याने.