अंटार्क्टिकाच्या सफरीवरून घरात वाद, जाणकारांनी सांगावं

कृष्णाकाठ_६१:
नमस्कार मंडळी. मी आणि सौ. दोघंही बँकेतून निवृत्त. अंटार्क्टिकाची जहाजसफर करायचं घाटतंय. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून निघायचं, ड्रेक पॅसेजची सामुद्रधुनी ओलांडून द्वीपकल्पावर चार ठिकाणी उतरायचं. लेक म्हणते, "बाबा, बर्फ बघायला जाणार आणि तुमच्या जाण्यानंच तो वितळणार." वर एका माणसाच्या जाण्यानं 83 टन बर्फ वितळतो, असा आकडा सुनावला. खरं आहे का हे? आणि गेलोच तर कंपनीला काय विचारावं? प्रवचन नको, तिकडचं माहीत असलेल्यांनी लिहा.

खडूफळा:
आकडा खराच. 2022 साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला होता. जहाजं, विमानं, जनरेटर यांची काजळी बर्फावर बसते, तो काळवंडतो आणि ऊन जास्त शोषतो. मात्र हा हिशोब पर्यटक उतरतात त्या जागांच्या आणि संशोधन केंद्रांच्या आसपासच्या हिमाचा आहे, अख्ख्या खंडाचा नव्हे.

डिझेलमामा:
काका, मी जनरेटरचा मेकॅनिक. भारताच्या मोहिमेतून 'मैत्री' केंद्रावर एक हिवाळा काढलाय (मोहिमेचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संस्थेतून चालतो). तुमच्या लेकीचं म्हणणं माझ्या जनरेटरलाही लागू आहे. संशोधनासाठी जाळलं म्हणून डिझेलचा धूर पांढरा होत नाही.

आपल्याकडे गॅरेजमध्ये तेल सांडलं की भुसा टाकायचा, विषय संपला. तिथं थंडीत ते विघटन पावत नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं. आणि आमचं पिण्याचं पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्यातलं. म्हणून नळी जोडायची तर आधी खाली ट्रे, हाताशी फडकी, मग पान्याला हात. जुनं ऑइल, बॅटऱ्या, प्लॅस्टिक सगळं बंद करून जहाजानं परत. उरलेली कोंबडीसुद्धा फेकायची नाही, परत न्यायची नाहीतर जाळायची, पक्ष्यांना रोग लागू नये म्हणून. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठीच्या 1991 च्या माद्रिद करारानं हे सगळं घालून दिलंय. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांनाही 1994 पर्यंत तिथून हलवलं.

आता तुमची सफर. 500 हून जास्त प्रवाशांच्या जहाजाला माणसं उतरवता येत नाहीत आणि एका जागी एका वेळी शंभरच उतरतात. त्यामुळे पहिला प्रश्न प्रवासी किती हाच. न उतरवता नुसतं फिरवणारं मोठं जहाज स्वस्त पडेल, पण त्याचा धूर काही कमी होत नाही, मला तो प्रकारच पटत नाही. दुसरं, बूट-कपडे कसे तपासतात? जॅकेटच्या वेल्क्रोत, खिशांच्या शिवणीत गवताचं बी अडकतं. किंग जॉर्ज बेटावर युरोपातलं एक साधं गवत असंच रुजलंय, उपटता उपटता लोक थकले. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, फोटोसाठीसुद्धा पुढं सरकायचं नाही. 2024 च्या फेब्रुवारीत मुख्य भूमीवरच्या पक्ष्यांत बर्ड फ्लू सापडल्यापासून तर जास्तच जपायला हवं.

पण खरा घाव खालून बसतोय. पश्चिमेकडे थ्वेट्स हिमनदीच्या बुडाशी कोमट समुद्राचं पाणी शिरून ती पोखरतंय. तिथं बूट धुऊन काही होत नाही. तो हिशोब जगभरच्या कोळशाचा आणि तेलाचा, त्यात तुमचं मुंबईहून अर्जेंटिनापर्यंतचं विमानही आलं. माझं विचाराल तर, आयुष्यात एकदा, लहान जहाजानं, बघायची खरी ओढ असेल तर जा. शेजाऱ्यांना फोटो दाखवायला नको.

रोखठोक_पुणे:
एवढं सोवळं पाळून उपयोग काय? तिथं खाणींना बंदी घालणारा हा माद्रिद करार 2048 ला संपतोय. मग खाणवाले नांगर टाकून बसतीलच.

डिझेलमामा:
संपत नाही हो! 2048 नंतर एखादा सदस्य देश फेरविचाराची परिषद मागू शकतो, एवढंच. तिथं बदल ठरला तरी 1991 मध्ये मतदानाचा हक्क असलेल्या सगळ्या 26 देशांनी मंजूर केल्याशिवाय तो लागू होत नाही आणि त्यात भारतही आहे. खाणींची बंदी उठवायची तर आधी त्यांच्यासाठी बंधनकारक नियमही हवेत. मला जास्त काळजी समुद्राची वाटते. रॉस समुद्राचा राखीव टापू 2016 मध्ये ठरला, पण पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव रशिया आणि चीन वर्षानुवर्षं अडवून बसलेत. पेंग्विन आणि देवमासे ज्यावर जगतात त्या क्रिलची (कोळंबीसारखा बारका जीव) मासेमारी तिथं चालूच आहे.

कृष्णाकाठ_६१:
मामा, आभार. कंपनीला मेल टाकलाय, जहाजात प्रवासी किती आणि क्रिलच्या तेलाच्या गोळ्या विकता का? दुसरा प्रश्न लेकीनं घुसडला.