इंग्लंडच्या लॉर्ड डेनिंगला थोर न्यायाधीश म्हणायचं का?

सनदवाली: लॉ कॉलेजला डेनिंगच्या निकालाची हाय ट्रीज केस वाचली तेव्हापासून मी डेनिंगची फॅन आहे. लंडनमधली फ्लॅट्सची इमारत, एका कंपनीने वर्षाला २५०० पौंड भाड्याने घेतलेली, युद्धात तिला फ्लॅट्ससाठी भाडेकरूच मिळेनात म्हणून १९४० ला मालक कंपनीने ते निम्मं केलं आणि युद्ध संपल्यावर पुन्हा पूर्ण मागितलं. डेनिंग म्हणाले, इथून पुढे पूर्ण घ्या, पण ज्या काळात निम्मं चालेल म्हणालात त्याची बाकी आता उकरून काढता येणार नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७९ ला मोतीलाल पदमपत केसमध्ये यूपी सरकारला टॅक्समाफीच्या शब्दाला बांधलं ते याच तत्त्वावर. १९६२ ते ८२, वीस वर्षं मास्टर ऑफ द रोल्स, म्हणजे तिथल्या अपील कोर्टाच्या दिवाणी बाजूचे प्रमुख! माझ्या मते थोरच.

पक्षकार: आणि बर्मिंगहॅमचं काय ताई? १९७४ च्या पबमधल्या बॉम्बस्फोटांसाठी सहा जणांना जन्मठेप झाली, त्यांनी पोलिसांनी मारहाण केली म्हणून दावा लावला, तर १९८० ला डेनिंगनी तो अडवला. कारण काय, तर हे जिंकले तर पोलीस खोटं बोलले, कबुलीजबाब मारून घेतले, शिक्षाच चुकली असं ठरेल, आणि ते चित्र इतकं भयंकर की केस पुढे जाताच कामा नये. अहो, तेच तर तपासायचं होतं ना! सोळा वर्षं आत काढून १९९१ ला निर्दोष सुटले ते.

सनदवाली: त्याचं समर्थन मी करूच शकत नाही, वाचताना अंगावर काटा येतो. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईला राहत्या घरातून काढता येणार नाही हे कोण म्हणत होतं? डेनिंगच. हाऊस ऑफ लॉर्ड्सनी, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, १९६५ ला ते फिरवलं, पण पार्लमेंटला १९६७ मध्ये कायदा करावाच लागला की.

जुना कारकून: मला तीच पद्धत खटकते. मनाला पटलं की जुने निकाल बाजूला सारायचे, मग वकिलाने अशिलाला सल्ला द्यायचा कशाच्या भरवशावर? आणि मनाला पटतं तरी कोणाचं, तर आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाचं. १९८२ ला पगडीमुळे शाळेने नाकारलेल्या शीख मुलाच्या केसमध्ये म्हणाले की शीख हा वांशिक गटच नाही, लॉर्ड्सनी पुढच्याच वर्षी उलटवलं. त्याच १९८२ ला काळ्या ज्यूरर्सबद्दल पुस्तकात लिहिलं ते अंगाशी आलं, माफी मागून रिटायर व्हावं लागलं.

सनदवाली: भरवशाचं म्हणता तर १९५१ ची कँडलर केस बघा. हिशेब निष्काळजीपणे केले, त्यावर विसंबून एकाने पैसे घातले आणि बुडाले, अकाउंटंट जबाबदार असं म्हणणारे तिघा न्यायाधीशांत एकटे डेनिंग होते. १९६३ ला लॉर्ड्सनी त्यांचंच बरोबर ठरवलं.

पक्षकार: पटलं. पण पैसे बुडालेल्याला कोर्टाचं दार उघडं हवं, तर पोलिसांचा मार खाल्लेल्याला का नको?