केडगावचे मुक्ती मिशन : सेवा की आमिष?

दौंडकर (मूळ धागा) : पंडिता रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगावला निराधार स्त्रिया-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनवर कौतुकाचे लेख पुन्हा सुरू झाले आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणल्या, हे सर्वजण लिहितात. त्यांतील बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, हे मात्र गाळतात. उपाशी पोराला घासाबरोबर बाप्तिस्मा देणे ही सेवा नव्हे.

नगरची वाचक : आपला धागा वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या आजीची आई त्याच दुष्काळात केडगावला आली. तिला अन्न मिळालेच, पण वाचायला, विणायला आणि छापखान्यात खिळे जुळवायलाही तिथेच शिकवले गेले. ज्यांना घरच्यांनी टाकले होते त्या स्त्रियांसाठी तिथेच कृपासदन होते. अंध मुलींना रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकवत. माझ्या पणजीला रस्त्यावरून उचलायला आपल्यापैकी कोण गेले होते, ते आधी सांगा.

सदाशिव पेठ : भावना समजतात, पण पणजीबाईंच्या कहाणीने मूळ आक्षेप कसा मिटतो? १८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदासदन ही विधवांची शाळा उघडताना ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे सांगितले गेले होते. तो शब्द पाळला जात नाही म्हणून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर हे सुधारक तिच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हे दोघे काही सनातनी नव्हते. पालकांनी मुली काढून नेल्या, त्या उगाच नव्हे.

नगरची वाचक : रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि मुली येऊन बसत, एवढ्यावर केवढे वादळ उठले! मग हिंदू समाजाने स्वतःची संस्था काढायची होती.

सदाशिव पेठ : काढली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था उभारली आणि १९०० मध्ये ती पुण्याजवळ हिंगण्याला नेली.

नगरची वाचक : कर्व्यांच्या पत्नी गोदूबाई शारदासदनातच शिकल्या होत्या, हे आपण का गाळलेत? शिवाय हिंगण्याला सुरुवातीला प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. दुष्काळातल्या कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलीने तिथे जाऊन काय करायचे होते?

सदाशिव पेठ : शारदासदनही उच्चवर्णीय विधवांसाठीच निघाले होते, बाई. इतिहास अर्धाच वाचायचा असेल तर वाद घालू नये. आणि गोदूबाई तिथे शिकूनही हिंदूच राहिल्या, हे आपल्याच बाजूचे उदाहरण आहे. मी फुकट देतो, घ्या.

नगरची वाचक : घेतले. आणि शारदासदनाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. परंतु दुष्काळानंतर केडगावचे दार जात न विचारता उघडले गेले, हा फरक आपल्याला पचत नाही.

दौंडकर : धागा माझा आहे, याची आठवण करून देतो! कर्वे विरुद्ध रमाबाई हा विषयच नव्हता. आमच्या भागातल्या एका मिशनच्या दवाखान्यात माझ्या वडिलांच्या उशाशी कोणी न विचारता प्रार्थना म्हटली होती. त्याचे उत्तर कोणी देत नाही.

नगरची वाचक : आजारी माणसाला न विचारता तसे करणे चूकच आहे. मात्र त्यासाठी त्या दवाखान्याला जाब विचारा. १८९७ सालच्या उपाशी मुलीला नको.

दौंडकर : जाब विचारला होता. वडिलांनीच मला गप्प बसवले. प्रार्थना ऐकून त्यांना बरे वाटले होते म्हणे. माझे मत बदललेले नाही.