हरीश हांडे आणि रोजच्या १० रुपयांचा हिशेब
मोठे भांडवल पाठीशी नसेल तर तरुणाने सौरऊर्जेच्या व्यवसायात उतरू नये, असे मत काही जण मांडतात. त्यावर हरीश हांडे यांचे उदाहरण द्यावेसे वाटते. आयआयटी खरगपूरची पदवी घेऊन ते अमेरिकेत संशोधनासाठी गेले, आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधील गरिबांनी पदरचे पैसे मोजून घरावर बसवलेली सौरसंयंत्रे पाहून त्यांनी प्रबंधाचा विषयच बदलला. १९९५ मध्ये नेव्हिल विल्यम्स या अमेरिकी सौरऊर्जा उद्योजकासह त्यांनी बंगळुरूत सेल्को ही गरिबांच्या घरी सौर दिवे पोहोचवणारी कंपनी सुरू केली.

सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची हप्त्यांविषयीची समज. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईला सौर दिव्यापोटी महिन्याचे ३०० रुपये एकदम देणे जड जाते, पण रोजचे १० रुपये ती रात्री गल्ल्यातून काढून देऊ शकते, कारण रॉकेलवर तिचा रोज खर्च होतच असतो. म्हणून सेल्कोने ग्रामीण बँकांना कर्जासाठी राजी केले, हप्ते कमाईच्या चालीने बांधून घेतले आणि गिऱ्हाइकाच्या जवळपास सेवाकेंद्रे उघडली. हे शेवटचे मला फार महत्त्वाचे वाटते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायलाही कोणी फिरकले नाही, तर छपरावरचे पॅनेल नुसते शोभेपुरते उरते.

२०११ मध्ये हांडे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी तो आपल्या जळगाव जिल्ह्यातील बहादरपूरच्या समाजसेविका नीलिमा मिश्रा यांनाही मिळाला होता.